मय, कच आणि कोड्यातले चौकोन
शब्दकोड्यातून मिळणारी पुराणातली माहिती तुटक असते, चार दिवसांत विसरते, असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं. तेच नाव वेगवेगळ्या सूचनांतून परत येतं, तेव्हा ते पक्कं बसतं. 'इंद्रप्रस्थातली सभा बांधणारा' याचं उत्तर मय, हे मला ठाऊक होतं. काही आठवड्यांनी 'मंदोदरीचा पिता' आलं आणि उत्तर पुन्हा मय! मग महाभारत उघडून पाहिलं: खांडववन जळताना अर्जुनाने त्याला अभय दिलं, त्याची परतफेड म्हणून त्याने ती सभा उभारली. रामायणातल्या रावणाचा सासरा महाभारतातही भेटतो, हे मला कोड्यानेच दाखवलं.

अशी नावं वारंवार का येतात, तेही सांगायला हवं. मराठी कोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. आडव्या शब्दात 'की' असेल तर उभ्यातही 'की'च हवी, 'क' चालत नाही. त्यामुळे कोडं रचणाऱ्याला मय, कच, नल, लव असे बिनमात्रेचे शब्द फार उपयोगी पडतात. रोज कोडं सोडवणाऱ्यांचं पुराण पक्कं होतं, त्यात या चौकोनांचा मोठा वाटा आहे.