डॉक्टरांची टर उडवणारी पुस्तकं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत येत कशी?

जुना_काउंटर (सोलापूर):
नमस्कार मंडळी. मी इथल्या एका मेडिकलच्या लायब्ररीत ३१ वर्षं काउंटरवर होतो. नातीनं परवा स्कॉटलंडच्या लायब्रऱ्यांच्या १७५० ते १८३० च्या देवघेव वह्या ऑनलाइन दाखवल्या. सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीची वही बघून मला आपलीच वाटली. तेच घाईतलं अक्षर, समासात पोरांचे उद्योग.

आमच्याकडे हरिभाऊ आपट्यांचं 'मारून मुटकून वैद्यबोवा' होतं, फ्रेंच नाटककार मोलिएरच्या नाटकावरून केलेलं. बांधणी दोनदा केली तरी पानं सुटायची. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर जांभळे शिक्के बघाल तर सगळे परीक्षेच्या तोंडावरचे. पुढे एका साहेबांनी "अभ्यासाचं नाही" म्हणून ते रद्दीत काढलं. चिठ्ठी तेवढी मी सोलून घेतली, डायरीत आहे.

तर प्रश्न असा, की डॉक्टरांची टर उडवणारी असली पुस्तकं त्या काळी तिकडच्या युनिव्हर्सिटीत घेत कोण होतं? आणि पोरांना घरी नेऊ देत होते?

बखर_वाचक:
काका, विकत घ्यायची गरजच नव्हती. १७१० च्या कायद्यानं छापणाऱ्यांना ९ लायब्रऱ्यांसाठी प्रती द्याव्या लागत आणि सेंट अँड्र्यूज त्यातली एक. प्रकाशक महागडे ग्रंथ द्यायला टाळाटाळ करत, पण कादंबऱ्या, काव्यं अशी हलकीफुलकी पुस्तकं पोचायची. हा हक्क १८३६ ला गेला. पोरांच्या उसनवारीला प्राध्यापकाचं नाव लागे, म्हणजे गुरुजींना माहीत असायचं.

असल्या पुस्तकांत सॅम्युअल गार्थचं 'द डिस्पेन्सरी' (१६९९) भारी आहे. गार्थ स्वतः डॉक्टर. गरिबांसाठी लंडनच्या फिजिशियन लोकांनी दवाखाना काढला, तर औषधविक्रेत्यांच्या पोटावर पाय आला. त्या भांडणाचं वर्णन यानं महाकाव्याच्या थाटात केलंय. कादंबरीकार स्मॉलेटही डॉक्टरच. त्याची 'हम्फ्री क्लिंकर' (१७७१) सुरूच होते ती रुग्णाच्या तक्रारीनं, डॉक्टर, तुमच्या गोळ्या कुचकामी आहेत म्हणून!

आता खरी गंमत. त्या काळी सेंट अँड्र्यूज एमडीची पदवी शिफारसपत्रांवर द्यायची, तिथं शिकायला जायलाच नको. फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी ज्याँ-पॉल मारा १७७५ ला तिथलाच एमडी झाला. देवीच्या लसीचा जेन्नर १७९२ ला. म्हणजे ही पुस्तकं नेणारी पोरं बहुतेक डॉक्टरकीची नसणार, ती रुग्णाच्या बाजूनं हसत असणार.

कडक_भाकरी:
का बे, आपल्याकडं काय कमी हाय? "वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर", यम नुसता प्राण नेतो, वैद्य प्राण आणि पैसे दोन्ही. आमचे आजोबा दवाखान्याची पायरी चढताना मोठ्यानं म्हणायचे. आत कंपाउंडरच्या कानावर जायचं, मग नंबर शेवटचा.

ओपीडी_नंतर:
काका, परीक्षेच्या तोंडावर का, ते मी सांगतो, कारण नेणाऱ्यांतला मी एक होतो. मोलिएरच्या मूळ नाटकात मार खाऊन डॉक्टर झालेल्या लाकूडतोड्याला विचारतात, मुलगी मुकी का झाली? तर म्हणतो, तिची वाचा गेली म्हणून. पुढं तो हृदय उजवीकडं असल्याचं सांगतो. कुणीतरी टोकतं, हृदय डावीकडं असतं ना? तर म्हणतो, आम्ही ते सगळं बदललंय.

मेडिसिनच्या तोंडी परीक्षेत मला कारण विचारलं. आठवेना. ठोकून दिलं, "सर, इडिओपॅथिक." म्हणजे काय, तर कारण माहीत नाही. एक्झामिनरनं मान डोलावली. मला एकदम तो लाकूडतोड्या आठवला आणि हसू दाबता दाबता घाम फुटला. आज केसपेपरवर तो शब्द लिहिताना हात जरा अडखळतोच.

जुना_काउंटर:
बखर_वाचक, आभार. फुकटात आलेली प्रत म्हणजे कोणी साहेब आक्षेप घेणार नाही, हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या प्रतीवर किंमत होती, तीच नडली.

डॉक्टरसाहेब, तुम्ही कुठल्या साली होता ते सांगा. चिठ्ठीवर एका मे महिन्यात पाठोपाठ तीन शिक्के आहेत, रिन्यू करून करून. शेजारी पेन्सिलीनं माझ्याच अक्षरात लिहिलंय, "दंड बाकी".