छत उंचावलं, स्टड मात्र जुन्याच उंचीचे

एकाने विचारलंय की चीफ आर्किटेक्ट या घराचे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये छत ८ वरून ९ फुटांवर नेलं, तरी भिंतीतले स्टड (लाकडी सांगाड्याचे उभे दांडे) बदलत नाहीत. फ्रेमिंग, म्हणजे हा सांगाडा, आधी करून ठेवलं असणार. चीफ आर्किटेक्टमध्ये खोलीची उंची बदलल्यावर वॉल फ्रेमिंग पुन्हा बिल्ड करा. ‘ऑटो’ हा पर्याय बंद असेल तर ते आपोआप होत नाही. मग एक स्टड उघडून बघा: ९२ ५/८ ऐवजी १०४ ५/८ इंच हवा. दीड इंची तीन प्लेटा (स्टडच्या खाली-वर बसणाऱ्या आडव्या पट्ट्या) धरून भिंत १०९ १/८ इंच होते.

उतरत्या छताखालच्या त्रिकोणी भिंतीत मात्र जुन्या भिंतीवर छोटी भिंत चढवू नका. मधल्या प्लेटपाशी बिजागरीसारखा सांधा होतो आणि वाऱ्याच्या दाबाने भिंत तिथेच वाकते. (मॉडेलमध्ये छान दिसतं, हीच तर गोची!) तिथे स्टड खालून छतापर्यंत अखंडच घ्या.