गळ-जाळ्यांच्या दुकानाची पहिली वेबसाइट : तुम्ही ती कशी सुधारली?

वैनगंगाकाठ
गेल्या आठवड्यात दुकानाच्या वेबसाइटचे वार्षिक शुल्क भरताना मुलाने सहज म्हणून इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आमचा पत्ता टाकला आणि आमची अगदी पहिली वेबसाइट पडद्यावर उघडली. वर सरकणारी लाल अक्षरे, मधोमध बाबांचा हार घातलेला फोटो, खाली किती जणांनी भेट दिली याचा आकडा. आणि मालाविषयी म्हणाल तर 'सर्व प्रकारची जाळी, गळ, तंगूस, बोया व शिसे योग्य दरात मिळेल' एवढे एकच वाक्य (तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, बोया म्हणजे जाळे तरंगते ठेवणारे गोळे, शिसे म्हणजे ते बुडवणारी वजने). दुकानाच्या पाटीवर असे वाक्य शोभते, कारण पाटी वाचणारा माणूस दोन पावले पुढे येऊन काउंटरवर विचारू शकतो. फोनवर वेबसाइट पाहणारा लाखांदूरचा किंवा अर्जुनी मोरगावचा माणूस विचारत बसत नाही, तो पान बंद करतो.

आमच्याकडे खरा बदल झाला तो सौभाग्यवतींच्या वहीमुळे. दुकानाच्या फोनशेजारी तिने एक वही ठेवली आणि पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न काय विचारला गेला, तेवढेच लिहून ठेवले. कतला माशासाठी कोणते जाळे घ्यावे, जाळे किलोने देता की नगाने, बोया व शिसे लावून मिळेल की जाळ्याचा नुसता विणलेला पट्टा मिळेल, पार्सल गावापर्यंत येते की तालुक्याला घ्यायला जावे लागते, अशा प्रश्नांनी पाने भरली. 'आपले दुकान किती जुने आहे' असे मात्र एकानेही विचारले नव्हते, आणि आमचे मुखपृष्ठ नेमके त्यालाच वाहिलेले होते. त्या वहीतील प्रश्नांची जशीच्या तशी पाने केली.

सर्वांत जास्त काम पडले ते आस, म्हणजे जाळ्याच्या घराचे माप, लिहिण्यात. 'दोन इंची जाळे' म्हणजे एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत दोन इंच, की घर ताणून समोरासमोरच्या गाठींमध्ये दोन इंच? पहिल्या पद्धतीने दोन इंच असलेले जाळे दुसऱ्या पद्धतीने चार इंच भरते, आणि गिल जाळ्यात मासा कल्ल्यांपाशी अडकत असल्यामुळे आस चुकली की लहान मासा आरपार जातो किंवा मोठा आपटून परत फिरतो. आता प्रत्येक जाळ्याखाली 'ताणून मोजलेला आस' असे स्पष्ट लिहिलेले असते आणि फोटोत जाळ्यावर फूटपट्टी ठेवलेली असते. एकेरी तंगुसाचे पारदर्शक जाळे पांढऱ्या चादरीवर दिसतच नाही. काळी घोंगडी अंथरून, सकाळच्या तिरप्या उजेडात फोटो काढला की गाठ न् गाठ दिसते.

गळ, जाळी, मत्स्यबीज, पिंजरे, होड्या, यांपैकी काहीही विकणाऱ्यांनी आपल्या पहिल्या वेबसाइटचे काय केले ते लिहावे.

झाडीचा_माणूस
आमच्याकडे गावातल्या डीटीपीवाल्याने मजकूर कृतिदेवमध्ये टंकलेला होता आणि वेबसाइट करणाऱ्याने तो तसाच चिकटवला. ज्या संगणकात तो फॉन्ट होता त्यावर सुंदर मराठी दिसे, बाकी सर्वांच्या फोनवर मात्र इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा काला. गुगललाही तो काला म्हणजे मराठी आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता, त्यामुळे शोधल्यावर आमचे दुकान कधी आलेच नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणल्यानंतर रफार, 'श्र', 'क्ष' आणि जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात, कारण फॉन्ट बदलून देणारी साधने तिथेच गडबड करतात. विदर्भात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडूनच वेबसाइटचा मजकूर घेण्याची पद्धत असल्याने हे अनेकांच्या बाबतीत घडले असणार.

पवनीकर
हार घातलेला फोटो आमच्याही वेबसाइटवर होता, फक्त आमचे आजोबा तेव्हा हयात होते. हार सत्काराचा होता. तीन-चार लोक सांत्वनाला येऊन गेले.

धानपट्ट्यातली_ताई
पवनीकर भाऊ, हसू आवरत नाही.

माझा अनुभव मात्र हसण्यासारखा नाही. आमच्या वेबसाइटचे नाव ज्या मुलाने नोंदवले, त्याने ते स्वतःच्या ईमेलवर व स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवले. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, क्रमांक बदलला, आणि नूतनीकरणाच्या सूचना ज्या पेटीत येत होत्या ती कोणी उघडतच नव्हते. मुदत संपली, वेबसाइट दिसेनाशी झाली, आणि पावतीपुस्तकापासून पिशव्यांपर्यंत सगळीकडे छापलेला पत्ता निरुपयोगी ठरला. मुदत संपल्यानंतर काही काळ जुन्या मालकाला नाव परत घेण्याची सवलत असते, पण ती त्या खात्यातूनच घ्यावी लागते आणि उशिराने घेतली तर दंडही भरावा लागतो. नवीन वेबसाइट करणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे एवढेच, की रंग कोणता हवा हे ठरवण्याआधी वेबसाइटचे नाव, ती ठेवण्याची इंटरनेटवरील जागा (होस्टिंग) आणि ईमेल ही तिन्ही खाती दुकानाच्या मालकाच्या नावे आहेत याची खात्री करावी.

वैनगंगाकाठ
ताई, वाईट वाटले. तो मुलगा पुढे सापडला का?

धानपट्ट्यातली_ताई
सापडला, पोळ्याला गावी आला तेव्हा. बिचाऱ्याने बसून सगळी खाती बदलून दिली आणि चहाशिवाय काही घेतले नाही. त्याच्यावर राग नाही, तो लहान होता आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

गळवाला_भंडारा
मी जाळी ठेवत नाही, केवळ छंद म्हणून गळ टाकणाऱ्यांसाठी रॉड, रीळ, गळ व आमिषे विकतो, म्हणून माझे दुखणे वेगळे आहे. गळाचे क्रमांक नवीन माणसाला उलटे वाटतात. १० क्रमांकाचा गळ लहान, ६ चा त्याहून मोठा, १ चा आणखी मोठा, आणि त्यानंतर १/०, २/० असे आकडे चढत गेले की गळही मोठा होत जातो. माझ्या पहिल्या वेबसाइटवर नुसते क्रमांक होते आणि लोक 'मोठा द्या' म्हणून १० क्रमांक मागवत. शिवाय एका कंपनीचा ६ दुसऱ्या कंपनीच्या ६ शी तंतोतंत जुळेल असेही नाही. आता प्रत्येक क्रमांकाचा गळ आलेखाच्या कागदावर ठेवून फोटो काढलेला आहे, आणि खाली रोहू, कतला, सिंघाडा, मरळ यांपैकी कशासाठी चालेल ते लिहिलेले आहे.

दुसरी गोष्ट पार्सलची, आणि ती वेबसाइटवर लिहिली नाही तर भांडण ठरलेले. बहुतेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात, ५००० ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर त्यावर पैसे लावतात. सात फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड ११० गुणिले १० गुणिले १० च्या खोक्यात घातला तर २.२ किलोचे पैसे पडतात, प्रत्यक्षात तो अर्धा किलोही नसतो. एकात एक सरकणारा रॉड ६० सेंटिमीटरच्या खोक्यात बसला तर हाच आकडा १.२ किलोवर येतो. शिशाचे अगदी उलट आहे, मूठभर खोके आणि वजन भरमसाट. त्यामुळे 'सर्वत्र मोफत पोहोच' ही ओळ मी सर्वांत आधी काढून टाकली आणि वस्तूनिहाय पोहोच खर्च लिहिला. मागण्या थोड्या घटल्या, पण फोनवरचे वाद संपले.

मामातलाव
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, मरळीला रबरी बेडूक चालतो की खरा गांडूळच बरा?

गळवाला_भंडारा
शेवाळ व कमळपानांच्या तळ्यात रबरी बेडूक उत्तम, कारण त्याचे गळ अंगालगत दडलेले असल्याने तो पानांत अडकत नाही. मात्र मरळ पिल्लांच्या थव्याबरोबर फिरत असेल तेव्हा गळ टाकू नये, पिल्ले अनाथ होतात. हेच वाक्य मी वेबसाइटवर बेडकाच्या फोटोखाली लिहिले आहे.

मामातलाव
आभारी आहे. बेडकाचा दर मात्र वेबसाइटवर दिसला नाही, 'दरासाठी संपर्क साधा' असे आहे.

गळवाला_भंडारा
पकडलेत! आज संध्याकाळपर्यंत दर टाकतो.

आरमोरीहून
आमच्या भागात अनेक गावांत फोनला धड दोन रेघा येत नाहीत, त्यामुळे माझी सुधारणा एकाच वाक्यात सांगता येते : वजन कमी केले. फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि असे वीस फोटो पहिल्या पानावर असले तर ते पान उघडेपर्यंत माणूस झाडाखालून घरी पोहोचतो. फोटोची रुंदी बाराशे पिक्सेलपर्यंत आणून वेबपी प्रकारात साठवला की तोच फोटो दीड-दोनशे केबीत बसतो व जाळ्याच्या गाठी तेवढ्याच स्पष्ट दिसतात. आपोआप सरकणारी चित्रमालिका काढली. दरपत्रक आधी हाताने लिहून त्याचा फोटो टाकलेला होता, तो ना मोठा करून वाचता येई ना शोधात सापडे. त्याऐवजी साधा तक्ता टाकला. सर्वांत वर फोनचे आणि व्हॉट्सॲपचे बटण, कारण आमच्याकडे खरेदीची टोपली कोणी भरत नाही, लोक फोटो पाठवून 'हेच द्या' म्हणतात आणि यूपीआयने पैसे देतात.

जंगलालगत
एक काळजीची सूचना. आपल्यापैकी काहींनी वेबसाइटवर 'मासेमारीची सुंदर ठिकाणे' असे पान केलेले मी पाहिले आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे, ताडोबा आणि नवेगाव-नागझिरा यांच्या राखीव क्षेत्रातील पाण्यालाही वन्यजीव कायदा लागतो, आणि गावोगावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचा ठेका पुष्कळदा मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो. छंदाने गळ टाकणाऱ्याला त्या पानावरून वाटते की तळे मोकळे आहे. तो जातो आणि वाद ओढवून घेतो. असे पान ठेवायचेच असेल तर परवानगी कोणाकडून घ्यायची हे प्रत्येक ठिकाणापुढे लिहावे, नाहीतर पानच ठेवू नये.

वैनगंगाकाठ
अगदी योग्य. आमचे तसे पान होते, संस्थेच्या अध्यक्षांनी दुकानात येऊन शांतपणे समजावले तेव्हा काढले. आता त्या जागी संस्थांना घाऊक दर काय मिळेल त्याचे पान आहे, आणि खरे सांगायचे तर उत्पन्न त्यावरच जास्त आहे.

बांबूची_सुई
माझी आई फेकजाळी हाताने विणते. विणण्याची बांबूची सुई आणि घर मोजायची पट्टी दोन्ही आजीच्या वेळची आहेत. आमची वेबसाइट नाही, पण एका दुकानदाराने आपल्या वेबसाइटवर आईच्या जाळ्याचा फोटो यंत्राच्या जाळ्यांच्या रांगेत ठेवला आणि साहजिकच 'हे एवढे महाग का' असे फोन येऊ लागले. मी त्यांना विनंती करून वेगळे पान करून घेतले, ज्यात विणताना काढलेला लहानसा व्हिडिओ आहे, घेर आणि उंची गिऱ्हाइकाच्या हातांच्या मापाने घेतली जाते असे लिहिले आहे, आणि विणायला किती आठवडे लागतील तेही आधीच सांगितले आहे. किंमत तीच ठेवली. आता घासाघीस करणारे फोन येत नाहीत, माप सांगणारे येतात. रोवणीच्या दिवसांत आई शेतावर असते, तेव्हा 'सध्या मागणी घेत नाही' अशी पाटी त्या पानावर लावतात.

मामातलाव
आईंना नमस्कार सांगा. आठ हाती जाळे विणून मिळेल का?

बांबूची_सुई
मिळेल, पण रोवणी आटोपल्यावर. निरोपातून पत्ता पाठवा.

हिशेबनीस
मी दुकानदार नाही, तीन-चार दुकानांचे हिशेब लिहितो. वेबसाइटवरून विक्री करणार असाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० वाचून घ्यावेत. दुकानाचे कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, संपर्क, माल परत घेण्याच्या व पैसे परत करण्याच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव हे वेबसाइटवर असावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. अधिकारी म्हटल्यावर घाबरू नये, लहान दुकानात मालकच अधिकारी असतो. पाकीटबंद मालाच्या पानावर कमाल किरकोळ किंमत आणि माल कोणत्या देशातला आहे तेही लिहावे. रीळ व आमिषे बाहेरून येत असल्यामुळे ही गोष्ट आपल्या धंद्यात नेमकी राहून जाते.

धानपट्ट्यातली_ताई
कापून दिलेले जाळे परत घेण्याबाबत काय लिहिता? आमच्याकडे तंगूस रिळावरून मीटरने कापून देतो, तो परत आला तर विकता येत नाही.

हिशेबनीस
'मापाने कापलेला माल, तो सदोष नसल्यास, परत घेतला जाणार नाही' असे मागणी नोंदवण्याच्या आधी, बटणाच्या अगदी वर दिसेल असे लिहा. तळटीपेत दडवू नका. आणि सदोष निघाला तर निमूटपणे परत घ्या.

वैनगंगाकाठ
हे वाक्य आजच आमच्या पानावर घेतो. ताई, तुम्ही तंगुसाची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिता की पाकिटावरचा क्रमांक लिहिता?

धानपट्ट्यातली_ताई
दोन्ही लिहिते, आणि कोरड्या तंगुसाला किती किलोचा ताण सोसतो तेही. गाठ मारली की ती ताकद कमी होते, हे खाली एका ओळीत आहे.