घरून ट्रॅव्हल एजन्सी : नोकरी सांभाळून की पूर्णवेळ?

नाशिककर ताई

माझी नणंद एका पतसंस्थेत नोकरीला आहे. नोकरी न सोडता संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी घरून सहलींचं बुकिंग सुरू करायचं तिच्या मनात आहे. मी हेच काम घरून पूर्णवेळ करते, म्हणून तिने मला विचारलं आणि मी नको म्हटलं. त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून विषय इथे मांडते.

तिकीट काढून देणं हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. ते आता गिऱ्हाईक स्वतःच मोबाईलवर करतं. आपल्याला पैसे मिळतात ते काही बिनसलं तर फोन उचलण्याचे, आणि बिनसायचं ते ऑफिस सुटायची वाट बघत नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला तो मंगळवार होता, भर दुपार होती. त्याच्या दोनच दिवस आधी रामबनला दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडलेला, त्यामुळे श्रीनगरच्या विमानतळावर झुंबड उडाली. माझ्याकडून गेलेलं एक कुटुंब तेव्हा श्रीनगरात होतं. एका फोनवर हॉटेलवाल्याला ‘यांची खोली काढून घेऊ नका’ म्हणून विनवत होते, दुसऱ्यावर इथल्या आजींना धीर देत होते. विमान कंपन्यांनी तारीख बदलायचे पैसे माफ केले होते, पण ते काही आपोआप होत नव्हतं. बुकिंग पोर्टलच्या हेल्पलाइनला चिकटून बसावं लागलं. पतसंस्थेच्या काउंटरवर, मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवून, हे कसं जमणार?

करायचं तर पूर्णवेळ, नाहीतर करूच नये. वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

हिशेबनीस

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हा सल्ला मला अजिबात पटला नाही. आधी आकडे बघा. देशांतर्गत विमान तिकिटावर कमिशन जवळजवळ नाहीच, सर्व्हिस चार्ज म्हणून दोन-तीनशे मिळाले तर मिळाले. चौघांचं केरळ सव्वा लाखाला दिलं तर हातात आठ-दहा हजार राहतात, तेही दहा वेळा कोटेशन बदलून. उन्हाळा, दिवाळी, नाताळ सोडले तर जुलै-ऑगस्टमध्ये फोन वाजत नाही. घराचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो.

आणि वाईट काळ आला तर? मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नियमित विमानसेवा थांबली ती २७ मार्च २०२२ ला पुन्हा सुरू झाली. दोन वर्षं! तेवढ्यात कितीतरी चांगले एजंट विमा नाहीतर घरं विकायच्या कामाला लागले. ज्यांच्या घरात एक पगार येत होता ते टिकले. गो फर्स्टची विमानं ३ मे २०२३ पासून थांबली, तेव्हाही पैसे अडकले कंपनीकडे आणि गिऱ्हाईक आलं एजंटाच्या दारात. अशा वेळी पगार असला की माणूस दारातल्या गिऱ्हाइकाशी नीट बोलू शकतो.

आणखी एक. ज्याची चूल कमिशनवर पेटते त्याला ‘हे हॉटेल तुम्हाला सोयीचं नाही, घेऊ नका’ म्हणणं जड जातं. पगारदाराला ते सहज म्हणता येतं. यात गिऱ्हाइकाचाच फायदा आहे.

नाशिककर ताई

हप्त्याचा मुद्दा मान्य. त्यावर माझं उत्तर एकच, सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोडावी. पण शेवटचा मुद्दा मुळीच मान्य नाही. मी कमिशनवरच जगते आणि लोकांना नको ते हॉटेल घेऊ देत नाही, कारण तेच कुटुंब पुढच्या वर्षी परत यायला हवं असतं. पूर्णवेळ माणसाला नाव जपावंच लागतं. ज्याचं पोट दुसरीकडे भरतं, त्याला एक गिऱ्हाईक तुटलं तर काय फरक पडतो?

कोकणकन्या

नणंदबाई रेल्वेच्या तिकिटांपासून सुरुवात करणार असतील तर आधीच सावध करा. नोकरी करणारे बहुतेक जण तिथूनच सुरू करतात, ओळखीत मागणी असते म्हणून. स्वतःच्या पर्सनल आयडीवरून तिकिटं काढून वर पैसे घेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रीतसर आयआरसीटीसीची एजन्सी घेतली तरी तिकिटामागे स्लीपरला २० आणि एसीला ४० रुपये. तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास एजंटांना बंद असतो, जुलै २०२५ पासून. म्हणजे एसीचं दहाला उघडलं की साडेदहाला तुमचा नंबर, तोवर काय उरतं?

नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० वरून ६० दिवसांवर आलं. गणपतीच्या गाड्यांसाठी सकाळी आठच्या ठोक्याला बसावं लागतं आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं. ज्याला साडेनऊला पंच करायचंय त्याने आठची ही लढाई रोज लढावी का?

निवृत्त वाहक

एसटीतून निवृत्त झालो. ओळखीच्यांना घेऊन अष्टविनायक करतो, थंडीत एखादी काशी-अयोध्या. मला कुणी अर्धवेळ म्हटलं तर म्हणू दे. ताईंचं फोनचं म्हणणं बरोबर आहे, पण माझ्या सहलीत मी स्वतः बसमध्ये असतो, फोन करायची वेळच येत नाही.

अष्टविनायक दोन दिवसांत होतो. मोरगावपासून सुरुवात, मधे लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या. ज्यांचे गुडघे धरलेत त्यांच्यासाठी डोली आधी सांगून ठेवायची, जेवणाला पथ्यवाल्यांचं वेगळं काढायचं, रात्री मुक्कामाला तळमजल्याच्या खोल्या ज्येष्ठांना. यात मोठं भांडवल नाही, व्हिसा नाही, विमान नाही. शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्या बाईला हे का जमू नये? सगळ्या जगाची दुकानदारी मांडायची कशाला?

टॅलीवाला

कराचं थोडं लिहितो, कारण अर्धवेळवाले इथेच अडकतात.

पॅकेज स्वतःच्या नावाने विकलं तर पूर्ण रक्कम तुमची उलाढाल. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. वर हिशेबनीसांनी सांगितलेली सव्वा लाखाची केरळ सोळा झाली की ती गाठलीच. पण दुसऱ्या टूर कंपनीचं पॅकेज कमिशनवर दिलं तर तुमची उलाढाल फक्त कमिशन. नोकरी करणाऱ्याने दुसरा रस्ता धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशाचं पॅकेज स्वतःच्या नावाने दिलं की टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून आपण घेऊन सरकारात भरायचा आयकर, आलाच. तो गोळा करा, वेळेत भरा, विवरणपत्र द्या. त्याचे नियम तर सारखे हलतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सात लाखांच्या वर २० टक्के झाला, २०२५ च्या एप्रिलपासून ती रेघ दहा लाखांवर गेली, २०२६ च्या एप्रिलपासून रेघच काढून सरसकट २ टक्के केला. आणि छोट्या धंद्याला ठोक टक्क्यांनी नफा दाखवायची जी सवलत आहे ती कमिशनच्या उत्पन्नाला मिळत नाही. वह्या ठेवा.

पतसंस्थेचे सेवानियमही वाचायला सांगा, लेखी परवानगी लागत असेल तर आधी घ्यावी. काउंटरवर आलेल्या खातेदाराला सहल मात्र कधीही विकू नये. ज्याच्या ठेवी आपल्याला दिसतात त्याच्याशी असला व्यवहार बरा नव्हे.

घोडबंदर रोड

पूर्णवेळ, पूर्णवेळ म्हणताय सगळे, पण घरून काम करणाऱ्या बाईला पूर्ण वेळ देतं कोण? मी नोकरी सोडून हे सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात गॅसवाला, कुरिअर, शेजारच्यांची किल्ली, मुलाचा अभ्यास, सगळं माझ्याकडे आलं, कारण ‘तू काय, घरीच आहेस’. फोनवर बालीचं कोटेशन सांगतेय आणि मागून कुकरच्या शिट्ट्या. ऑफिसात होते तेव्हा निदान आठ तास कुणी हाक मारत नव्हतं.

नणंदेने नोकरी सोडावी असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी सांगावं की तिला दार लावून बसता येईल अशी खोली आहे का, आणि ते दार लावलेलं असताना घरातली कोण माणसं स्वयंपाक बघणार. याचं उत्तर मिळेपर्यंत पगार सोडू नये.

नाशिककर ताई

घोडबंदर, तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः खरं आहे. नणंदेच्या घरी स्वतंत्र खोली नाही आणि सासऱ्यांचं पथ्यपाणी तिच्याकडेच आहे. हा विचार मी केला नव्हता.

वाहक काका, अष्टविनायक तिला जमेल, हे मी मान्य करते. ती स्वतः सोबत जाणार असेल तर माझा आक्षेपच उरत नाही. पण ज्या सहलीत माणसं एकटी पाठवायची, विशेषतः काश्मीर, लडाख, परदेश, ती नोकरी करत असताना घेऊ नये. यावर मी ठाम आहे.

हिशेबनीस

मग ती पुढे कशी जाणार? अष्टविनायकच्या बसमधल्या काकू उतरतानाच विचारतात, ‘मुलाला काश्मीरला जायचंय, तूच करून दे ना’. ओळख कमावायची तिने, आणि मोठं काम आलं की नाही म्हणायचं?

नाशिककर ताई

नाही म्हणायचं नाही. ते माझ्याकडे द्यावं, दिवसाचे फोन मी घेईन, कमिशन अर्धं अर्धं. दोन-तीन सीझनमध्ये तिच्या वाट्याचे पैसे पगाराच्या जवळ आले, तर तेव्हा नोकरी सोडायचं बघू.

हिशेबनीस

हे चालेल. फक्त नणंद-भावजय आहात म्हणून तोंडी ठेवू नका. कमिशन कधी हातात येणार, गिऱ्हाईक कुणाचं, आणि परतावा अडकला तर गिऱ्हाइकाला खिशातून कोण देणार, हे तिन्ही लिहून दोघींनी सह्या करा. पहिलं बुकिंग घ्यायच्या आधी.