खोली निर्जंतुक करायची फॉर्मालिनची धुरी बंद करावी का?

सूक्ष्मदर्शी
बंदच करावी. बायोप्सीच्या (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या) बरणीत फॉर्मालिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू, हवंच, तिथे त्याच्या तोडीचं दुसरं स्वस्त काही नाही. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला 2004 मध्ये गट 1 मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध. तो वायू खोलीभर कशाला सोडायचा?

निर्जंतुक
कारण तो पुसणाऱ्याचा हात जात नाही तिथे जातो आणि बीजाणूही (जंतूंची चिवट, सुप्त रूपं) मारतो. 1000 घनफुटांना 250 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, 500 मिली फॉर्मालिन. आर्द्रता 70 टक्क्यांहून जास्त, तापमान 20 अंशांहून जास्त. खोली कोरडी-थंड असेल तर सगळं वाया. परमँगनेट आधी भांड्यात, फॉर्मालिन वरून, आणि लगेच बाहेर पडायचं. मिश्रण क्षणात उकळून फेसाळतं, म्हणून भांडं धातूचं आणि खूप खोल, प्लॅस्टिक वितळतं. धुरी संपल्यावर उरलेला वायू निष्प्रभ करायला अमोनिया.

सूक्ष्मदर्शी
अमोनियाने हेक्झामीन नावाचा घन पदार्थ तयार होतो, त्याचा पांढरा थर पुसायला पुन्हा माणूसच लागतो. कोपऱ्यात साचलेलं पॅराफॉर्मल्डिहाइड (त्याच वायूचं घन रूप) पुढे कित्येक तास वायू सोडत राहतं. शिवाय वाळलेल्या रक्ताचा डाग राहिला असेल, तर वरची प्रथिनं घट्ट होतात आणि आतले जंतू सुखरूप. म्हणजे आधी घासावंच लागतं. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं.

निर्जंतुक
घासण्याचं मान्य, धुरी हा सफाईला पर्याय नाहीच. पण पेरॉक्साइडला यंत्र लागतं, आणि कागद-सुती कापड ती वाफ शोषून घेतात, मात्रा कमी पडते.

टिश्यूवाला
धुरी कधीतरी होते, बरणी रोज उघडते. मला जास्त काळजी तिची आहे. तिच्यातला द्रव असा: 100 मिली फॉर्मालिन, 900 मिली शुद्ध पाणी, 4 ग्रॅम मोनोसोडियम फॉस्फेट (एक रेणू पाण्याचं), 6.5 ग्रॅम निर्जल डायसोडियम फॉस्फेट. फॉस्फेटं घातली नाहीत की द्रव आम्लधर्मी होतो आणि स्लाइडवर तपकिरी-काळे ठिपके दिसतात. द्रव नमुन्याच्या निदान दहापट हवा. तासाला साधारण 1 मिलिमीटरच आत शिरतो. मोठा अवयव न कापता बुडवला तर मधला भाग कुजतो, आणि तो नमुना परत मिळत नाही.

सर्जिकल मास्क वायू अडवत नाही. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असंही नाही, नाक सरावलेलं असतं. नायट्राइलचे हातमोजे आणि हवा खेचणारं टेबल, यावर आधी खर्च करा.

सूक्ष्मदर्शी
पटलं. तरी धुरीबद्दलचं मत बदललेलं नाही.