दक्षिणद्वारचा अनुभव, आणि मी गाळलेलं घड्याळ

उद्यमनगरचा_टर्नर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचायला असतो. आज लिहितोय, कारण घरात कुणापुढं बोलायची सोय राहिलेली नाही.

वडील एसटीत कंडक्टर होते. २६ वर्षं त्यांनी नरसोबाच्या वाडीची पौर्णिमेची वारी केली. ड्युटी आली तर सहकाऱ्याशी बदलून घ्यायचे, पण जायचेच. एकच पौर्णिमा चुकली, २०१९ च्या ऑगस्टमधली. रस्ताच पाण्याखाली होता. आम्ही विचारायचो, "आण्णा, एवढं जाता, मिळालं काय?" तर पिशवी पुढं करून म्हणायचे, "कवठाची बर्फी." याच्या पलीकडं ह्या विषयावर त्यांच्या तोंडून अक्षर ऐकलेलं मला आठवत नाही.

ते गेल्यावर वारी माझ्याकडं आली. खरं सांगायचं तर भक्ती म्हणून नाही, आईला वाईट वाटेल म्हणून.

गेल्या जुलैत एका रविवारी पहाटे मोबाईलवर मेसेज पडला, 'दक्षिणद्वार सोहळा सुरू' (पुराचं पाणी वाडीच्या दत्तमंदिरात शिरलं की होणारं स्नान). गाडीला किक मारली आणि निघालो. पाऊस असा की हेल्मेटच्या काचेतून पुढचा ट्रकसुद्धा दिसत नव्हता. वाडीत पोचलो तर पाणी मंदिरात, आणि स्नानाला शेकड्यानं माणूस. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो, डुबकी मारली. चष्मा काढून खिशात ठेवला होता. बाहेर यायला पायरीवर पाय टाकला आणि शेवाळावरनं सटकलो. उजवा पाय मुरगळला, तोल मागं, नदीच्या अंगाला.

तेवढ्यात कुणीतरी कोपराच्या वर दंड धरला आणि असा हिसका दिला की मी सरळ उभाच राहिलो. तोंडातनं 'महाराज!' आपसूक बाहेर पडलं. छातीत जे भरून आलं ते आजही आठवलं की डोळे भरतात. हे खरं आहे, यात मिठाचा खडासुद्धा जास्तीचा नाही.

आणि मी काय बघितलं? एक हात. मनगटावर काळ्या प्लास्टिक पट्ट्याचं घड्याळ. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, हातोडा लागल्यावर पडतं तसं. बाकी चष्म्याविना सगळं धूसर. मागं वळलो तर गर्दी.

त्या संध्याकाळी बायकोला आणि पोरीला सांगितलं तेव्हा घड्याळ होतं. कारखान्यात सांगितलं तेव्हाही होतं बहुतेक. पुढं आमच्या कॉलनीतल्या रविवारच्या सत्संगात विषय निघाला आणि तिथं मी म्हणालो, "वळून बघतो तर कुणीच नाही!" अहो, कुणीच नाही कसं, चारशे माणूस होतं! पण 'कुणीच नाही' म्हटल्यावर समोरच्या बायकांचे हात जोडले गेले आणि ते मला आवडलं. पुढच्या वेळी त्या गार पाण्यात तो हात उबदार झाला. त्याच्या पुढच्या वेळी अष्टगंधाचा वास आला. मग मला बसायला खुर्ची आली. गुरुपौर्णिमेला शाल-नारळ झाला. दुसऱ्या कॉलनीतनं बोलावणं आलं.

मी दिवसभर लेथवर उभा असतो. मायक्रोमीटर लावून पाच मायक्रॉनसाठी पोरांना बोलणी घालतो. जॉब मापात नसला तर भंगारात टाकतो.

गेल्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. सत्संग संपल्यावर एक आज्जी, माझ्या आईपेक्षा मोठ्या, काठी बाजूला ठेवून माझ्या पाया पडल्या. मी 'अहो अहो' म्हणालो, पण पाय मागं घेतले नाहीत. आणि घरी येताना पोरगी (अकरावीला आहे) गाडीवर मागनं म्हणाली, "पप्पा, आधी तुम्ही घड्याळ सांगितलं होतं. ते कुठं गेलं?"

ते मी काढून टाकलं, हे उत्तर तिला देता आलं नाही.

आता विचारायचंय ते असं. लोकांना जाऊन खरं सांगू का? सांगितलं तर त्यांची श्रद्धा मोडेल का? आणि दुसरं, मला जास्त टोचतंय ते हे, की त्या दिवशी जे झालं ते खरंच काही होतं का, की तेही आता मी खोटं करून बसलोय? आता आठवायला गेलो तर अष्टगंधाचा वाससुद्धा येतो हो. भीती त्याची वाटते.

तालमीतला

भावा, लई खरं लिवलंयस. पण उत्तर तुझ्याच लिखाणात हाय. घड्याळवाला माणूस होता, पूरात लोकांस्नी धरायला उभं राहणारं कुठलं तरी पोरगं. त्याला शोध, एक कप चा पाज, विषय संपला. देव बी खूश, पोरगं बी खूश. शाल त्याला दे.

घाटावरचा

मी वाडीचाच. आमच्या घरची नाव असते. पाणी चढलं की आम्ही दहा-बारा जण दोर लावून दक्षिण दरवाजाच्या अंगाला उभे असतो. म्हणून लिहितो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. कृष्णा वाढली की पाणी आत शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्नान, ते दक्षिणद्वार. वर धरणातनं किती सोडतात यावर सगळा खेळ. कधी दिवसभर चालतं, कधी आंघोळीला रांग लागेपर्यंत पाणी दारावर चढतं आणि संपलं. मग उत्सवमूर्ती वर नारायण स्वामींच्या मंदिरात नेतात. कोल्हापूरकरांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा बघत राहावा. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. तिकडं पंचगंगा फुगली की इकडं संगमाला आमची झोप उडालेली असते.

आता तुमचं. काळ्या पट्ट्याचं घड्याळ आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या हातात असतं, कारण चांगलं घड्याळ घालून पुराच्या पाण्यात कोण उतरेल? काळी नखं तर सगळ्यांचीच, नाव बांधताना दोर आणि खुंट्यात बोट सापडतं. तुम्हाला कुणी धरलं ते आम्हाला सांगता येणार नाही. त्या एका सकाळी आम्ही किती दंड धरतो, मोजत नाही.

पण एक सांगतो. घसरलेला माणूस उभा राहिला की आमच्याकडं बघून 'महाराज' म्हणतो. सगळेच नाही, पण बरेच. पहिल्या वर्षी मला हसू यायचं, सतरा वर्षांचा होतो. एकदा एका बाईनं माझे पाय धरले, पाण्यात. मला भारी वाटलं. आजोबा काठावर होते, त्यांनी बघितलं. घरी गेल्यावर म्हणाले, "कुणी पाया पडाय लागलं तर एक पाऊल बाजूला सरायचं. म्हणजे नमस्कार तुझ्या मागं पादुकांला जातोय. मधी थांबलास की तू चोर." तेव्हापासून सरकतो. शेवाळ असलं तरी सरकतो, दोनदा मीच पडलोय.

त्यामुळं तालमीतल्या भावाला सांगायचं, शाल नको. चहा चालेल.

गंगावेस_काकू

टर्नरदादा, मी निवृत्त शिक्षिका. गुरुचरित्राची पारायणं करते. (बायकांनी वाचू नये म्हणणारे अजून आहेत, त्यांनी इथून खाली वाचलं नाही तरी चालेल.)

अठराव्या अध्यायातली घेवड्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, ती तर तुमच्या वाडीच्या समोरच्या काठावरची, अमरापूरची. गरीब ब्राह्मणाच्या घरी श्रीगुरू, म्हणजे नृसिंह सरस्वती, भिक्षेला आले. घरात दाणा नाही, दारात घेवड्याचा वेल, त्याच्याच शेंगा शिजवून वाढल्या. जेवले आणि जाताना तो वेल उपटून टाकला. बाई रडायला लागली, पोटाचं साधनच गेलं. नवरा वेलाचं मूळ काढायला खणायला लागला, तर द्रव्याचा कुंभ. आम्ही सगळे इथंच थांबतो, कुंभाशी. पुढं काय आहे ते नीट वाचा. दोघं धावत श्रीगुरूंकडं गेले आणि त्यांनी बजावलं की हे कुणाला सांगू नका, सांगितलंत तर घरात लक्ष्मी राहणार नाही.

लहानपणी मला वाटायचं, चोराच्या भीतीनं म्हणाले असतील. आता साठी ओलांडल्यावर वाटतं, तुमच्या शालीच्या भीतीनं म्हणाले असतील.

माझी आजी कुंभार गल्लीतल्या मठीत जायची, कृष्ण सरस्वतींच्या. अक्कलकोट स्वामींनी ज्यांना कोल्हापूरला पाठवलं, कुंभारांच्या गल्लीत राहिले म्हणून लोक कुंभार स्वामी म्हणायचे, १९०० साली समाधिस्थ झाले. आजीनं त्यांना बघितलेलं नव्हतं, तिच्या सासूनं बघितलेलं. त्या सासूबाईंना काहीतरी झालं होतं म्हणे मठीत. काय, ते त्यांनी सुनेलासुद्धा सांगितलं नाही. एवढंच कळलं की त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात भांडी आदळायची बंद केली. आमच्या घरात चार पिढ्या हा एवढाच अनुभव सांगितला जातो, आदळली न गेलेली भांडी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: छाती भरून आली ते अष्टगंधाच्या आधीचं आहे. त्याला हात लावू नका. नंतरचं सगळं तुमच्या लेथवर चढवलेलं आहे, ते तुम्हाला कळतंच आहे की कुठून कुठपर्यंत.

तालमीतला

काकू, एक शंका. कुणाला सांगू नका म्हणाले, आणि त्यानं जर सांगितलंच नाही, तर पोथीत आलं कसं?

गंगावेस_काकू

ही शंका माझ्या वर्गात एका मुलीनं काढली होती. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. कुणीतरी सांगितलं असणारच. पण पोथी उघडून बघ, श्रीगुरूंचं नाव आहे, गावाचं आहे, घेवड्याचं आहे. त्या ब्राह्मणाचं नाव नाही.

(शंका काढलीस ते बरं केलंस. पण 'पूरात' नव्हे, 'पुरात'.)

उद्यमनगरचा_टर्नर

सगळ्यांचे आभार. काल रविवार होता, जाऊन आलो सत्संगाला. काय झालं ते सांगतो.

खुर्ची दिली, बसलो नाही. सतरंजीवर बसलो आणि सगळं सांगितलं: घड्याळ, काळं नख, चारशे माणूस, ऊब नव्हती, वास नव्हता. घशाला कोरड पडली होती. वाटलं, आता लोक उठून जातील.

कुणी उठलं नाही. मिनिटभर शांत होते. मग पुढं बसलेले एक काका गहिवरून म्हणाले, "म्हणजे बघा, महाराज घड्याळ घालून आले!" आणि सगळ्यांनी हात जोडले. दुसरे एक म्हणाले, कलियुगात त्यांनाही वेळ पाळावी लागते. मी नाही नाही म्हणत राहिलो, तर म्हणाले, बघा किती नम्रता. मी कपाळावर हात मारून घेतला. पोरगी कोपऱ्यात ओढणी तोंडाला लावून हसत होती.

बाहेर चपला घालताना त्या आज्जी जवळ आल्या. मी आधीच एक पाऊल बाजूला सरलो, घाटावरच्या दादांचं आठवून. त्या वाकल्याच नाहीत. काठी टेकवून माझ्या पायाकडं बघत म्हणाल्या, "मुरगळला होता म्हणालास न्हवं? मग आता बरा हाय काय?"

वर्षभरात इतक्या जणांना ही गोष्ट सांगितली, पायाचं कुणी विचारलं नव्हतं. मीही विसरलो होतो. सांगितलं, पावसाळ्यात अजून ठणकतो. तर म्हणाल्या, आंबेहळद उगाळून लाव.

घाटावरचे दादा, येत्या पौर्णिमेला येतोय, पोरगी पण येणार म्हणते. पाणी किती आहे ते आदल्या रात्री इथं टाका. चहा माझ्याकडं. बर्फी कुठल्या दुकानातली घ्यायची ते मात्र मला ठाऊक आहे.