कॅलिफोर्नियात १९१२ साली आलेल्या पूर्वजांचा माग

प्रेषक: मेघना

नमस्कार मंडळी,
पणजोबांचे धाकटे भाऊ, आडनाव देशपांडे, १९१२ च्या सुमारास शिकायला म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि पुढे सॅक्रामेंटो खोऱ्यात शेतमजुरीला लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर पत्रं थांबली. ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर 'देशपांडे' टाकलं की शून्य. त्यांचे नागरिकत्वाचे कागद कुठून मागवायचे? की १९०६ च्या भूकंपात सगळं दप्तर जळालं?

---

प्रेषक: श्रीधर

मेघना,
नागरिकत्वापासून सुरुवात करू नकोस, तिथे बहुधा काहीच नसेल. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली दिलेल्या निकालाने हिंदी माणसाला नागरिकत्वाचं दार बंद झालं, ते उघडलं जुलै १९४६ मध्ये. ज्यांना आधी मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकार कोर्टात गेलं. लॉस एंजलिसचे वकील सखाराम गणेश पंडित १९१४ साली नागरिक झाले होते. स्वतः थिंद यांचे वकील, म्हणून आपलं नागरिकत्व अपील कोर्टात १९२६ साली राखू शकले. शेतमजुराकडे ते बळ कुठलं? नागरिक नाही म्हणजे मतदारही नाही, त्यामुळे सगळे सुचवतात ते 'ग्रेट रजिस्टर', म्हणजे जुनी मतदारयादी, तुझ्या कामाचं नाही.

पण हीच गोष्ट उलटी फायद्याची आहे. नागरिक नसलेल्या, चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला १९४० च्या ऑगस्ट ते डिसेंबरात परदेशी म्हणून नोंद करावी लागली. त्या अर्जाचं नाव एआर-२. त्यात कधी, कुठल्या बंदरात, कुठल्या जहाजाने आला हे सगळं असतं, शिवाय सही आणि बोटाचा ठसा. आधी अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या जिनिऑलॉजी (वंशावळ) विभागाकडे जी-१०४१ अर्जाने सूचीत शोध मागायचा. फाईल क्रमांक मिळाला की दुसरा अर्ज, जी-१०४१ए. शंभर वर्षांपूर्वी जन्मलेल्याच्या मृत्यूचा पुरावा लागत नाही. देश लिहिताना 'ब्रिटिश इंडिया'ही लिही. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा आजच पाठव आणि मग खालच्या कामाला लाग.

शेवटापासून मागे ये. राज्याची जन्ममृत्यू नोंद १ जुलै १९०५ पासून आहे. मृत्यूची १९४० ते १९९७ ची सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे. तिच्यात जन्मतारीख, मृत्यूची कौंटी (जिल्हा) आणि आईचं माहेरचं आडनावही असतं. १९३९ पर्यंतच्या सूचीत यातलं फार थोडं मिळतं. सूचीवर थांबू नकोस, दाखला मागव. दाखल्यात 'माहिती देणारा' असा रकाना असतो, तो सगळ्यात आधी वाच. तिथे मळ्याचा मुकादम किंवा घरमालक असेल तर आईबापांची नावं ऐकीव समजायची.

दाखल्यावरून कौंटी कळली की त्या कौंटीच्या सुपीरिअर कोर्टात प्रोबेट फाईल, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या वाटणीचे कागद, शोध. हे पाऊल लोक गाळतात. मागे थोडी रक्कम जरी राहिली असेल तरी वारस शोधावे लागत, आणि त्या कागदांत भारतातल्या भावंडांची नावं-पत्ते मिळतात. जवळचं कोणी नसेल तर कौंटीचा पब्लिक ॲडमिनिस्ट्रेटर कारभार पाहायचा, म्हणून त्याच्या नावानेही चौकशी कर.

सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेच्या एसएस-५ अर्जात आईवडिलांची नावं असतात खरी, पण शेतमजूर त्या योजनेत आले १९५१ पासून. त्याआधी माणूस गेला आणि कारखान्यात कधी लागलाच नाही, तर तो अर्ज नसेल.
— श्रीधर

---

प्रेषक: वैशाली

श्रीधररावांना थोडी पुरवणी.

१९०६ च्या आगीत सॅन फ्रान्सिस्को शहराचं जन्म-मृत्यू-लग्नाचं दप्तर बहुतेक गेलं, पण तुझा माणूस उतरला १९१२ ला. जहाजांच्या याद्या १८९३ पासून शाबूत आहेत. सॅन फ्रान्सिस्को उपसागरातल्या एंजल आयलंड बेटावर अडवलेल्यांच्या चौकशीच्या फायली सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आधी ईमेल करून नाव आणि जहाज कळव, फायली काढून ठेवतात का विचार, मगच जा.

जहाजाच्या यादीत एक हमखास चूक होते. १९०७ नंतरची यादी दोन पानी आहे. डाव्या पानावर नाव, वय, धंदा, मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता. उजव्या पानावर उंची, अंगावरच्या खुणा आणि अगदी शेवटच्या रकान्यात जन्मगाव. संगणक शोधून देतो ते डावं पान. लोक तेवढंच उतरवून घेतात आणि गाव पुढच्या फोटोत राहून जातं. सॅन फ्रान्सिस्कोत नाव नसेल तर सिएटल बघ, आणि कॅनडातून आलेल्यांच्या सीमेवरच्या नोंदी बघ.

आता नाव. लिहिणारा कारकून कानाला येईल तसं लिहायचा. सारख्या उच्चाराची आडनावं एका खणात आणणाऱ्या साउंडेक्स सूची-पद्धतीत पहिलं इंग्रजी अक्षर तसंच राहतं आणि पुढच्या व्यंजनांचे आकडे होतात. 'देशपांडे' डी-२१५ येतं. मधला एच गाळला, शेवटी वाय लावला, तरी डी-२१५ च. म्हणजे तू सुदैवी. वैद्यांचं बघ: व्ही धरला तर व्ही-३००, डब्ल्यू धरला तर डब्ल्यू-३००, दोन वेगळ्या खणांत. कुलकर्णी के आणि सी दोन्हीकडे शोधायचे. तरीही शून्य आलं तर आडनाव सोड. आपली माणसं वडिलांचं नाव शेवटी लावत, कधी स्वतःचंच नाव आडनावाच्या जागी पडे. अशा वेळी जनगणनेत नाव रिकामं ठेवून कौंटी, जन्मदेश भारत आणि वय एवढंच भर. १९२० ते १९४० च्या जनगणनांत वंशाच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलेलं असतं, मग माणूस शीख असो की मुसलमान. सटर, युबा, सॅक्रामेंटो, सॅन वाकिन या कौंट्यांची पानं हाताने चाळायला एक शनिवार-रविवार पुरतो.

लष्करभरतीची कार्डं परदेशी माणसांनाही भरावी लागली. ५ जून १९१७ च्या कार्डावर जन्मगाव आहे. १२ सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर जन्मगाव विचारलेलंच नाही, जवळचा नातलग विचारलाय. १८७७ ते १८९७ मधल्या जन्माचा असेल तर एप्रिल १९४२ चं कार्डही बघ, त्यावर जन्मगाव आहे. तिन्हींवर सही असते. एआर-२ आलं की सही ताडून पाहा, एकाच नावाची दोन माणसं तिथे वेगळी होतात.
— वैशाली

---

प्रेषक: मेघना

काका, मावशी, खूप आभार. दाखल्याच्या अर्जात 'अधिकृत' की 'माहितीपर' असं विचारतात. मी चुलत पणती, नोटरी करून अधिकृत मागू का?

---

प्रेषक: श्रीधर

नको. अधिकृत प्रत पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं अशा जवळच्यांना मिळते. चुलत पणती त्यात बसत नाही, नोटरीचे पैसे फुकट जातील. माहितीपर प्रत माग. ओळखपत्र म्हणून चालणार नाही असा शिक्का असतो, मजकूर तोच. वर्ष नक्की माहीत असेल तर राज्याऐवजी थेट कौंटी रेकॉर्डरकडे पाठव, बहुधा लवकर येतं.

लग्न झालं असेल असं वाटलं तर कौंटी क्लार्कला विचारताना एक लक्षात ठेव. कॅलिफोर्नियात 'गोपनीय विवाह' असा जुना प्रकार आहे. त्याची नोंद फक्त त्या जोडप्याला किंवा कोर्टाच्या हुकमाने मिळते. 'नोंद सापडत नाही' असं उत्तर आलं म्हणून अविवाहित धरू नकोस. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत त्या घरातली माणसं मोज.